नासा की सिंगापूर? नाशिकहून मुलांना परदेशात शैक्षणिक सहलीला नेण्याआधी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शाळा नाशिकची, आठवी-नववीची ३२ मुलं आणि ४ शिक्षक पहिल्यांदाच परदेशात न्यायचेत, एका टूरवाल्याने अमेरिकेचं ‘नासा’ पॅकेज दिलंय आणि दुसऱ्याने सिंगापूरचं, संस्थेचा कल नासाकडे आहे, पालक विचारतायत की एवढे पैसे घालून मुलं नक्की शिकणार काय, आणि सगळी जबाबदारी तुमच्यावर आलीये. मी भूगोल शिकवते, २००९ पासून शाळेच्या सहलींचं काम बघते, त्यात परदेशातल्या बऱ्याच झाल्या, काही छान झाल्या, दोन अशा झाल्या की मुलांचे पैसे वाया गेले असं मला आजही वाटतं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी नासाचं बोलू, कारण पालकांची सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होते. ‘तुमच्या पाल्याची नासासाठी निवड झाली आहे’ असं पत्र घरी गेलं की आईबाबा भारावून जातात, दागिने मोडायला तयार होतात. पण या टूरमध्ये जे दाखवतात ते बहुतेक वेळा फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्स असतं. ते नासाच्या वतीने एक खासगी कंपनी चालवते आणि तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. दुसरं नाव येतं स्पेस कॅम्पचं, ते अलाबामातल्या हंट्सव्हिलला, १९८२ पासून सुरू आहे, कार्यक्रम चांगला आहे, मुलांना खरंच हाताने काहीतरी करायला मिळतं, पण तेही यूएस स्पेस अँड रॉकेट सेंटर या म्युझियमतर्फे चालतं आणि त्याची फी असते. म्हणजे जागा वाईट नाहीत, सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलेलं बघताना मोठी माणसंही गप्प होतात, पण याला ‘निवड’ म्हणू नका. शाळेच्या पत्रात स्पष्ट लिहा की ही पैसे भरून जायची सहल आहे. मुलं लहान असतात, कॉलनीत सांगत फिरतात की माझं नासात सिलेक्शन झालं, आणि नंतर कोणीतरी खरं काय ते सांगतं तेव्हा त्या पोराचा चेहरा बघवत नाही, मी बघितलाय.

त्यात अमेरिकेचा व्हिसा प्रत्येकाचा वेगळा. ग्रुप आहे म्हणून सगळ्यांना मिळेलच असं नाही, मुंबईला बीकेसीला खेटे घालायचे, फी भरली की व्हिसा नाकारला तरी परत नाही. ३२ पैकी ४ जणांना नकार आला तर त्यांचं काय करणार हे आधीच ठरलेलं पाहिजे, आणि टूरवाल्याकडून ते लेखी घेतलेलं पाहिजे. पहिलीच ट्रिप असेल तर मी अमेरिका नको म्हणेन. आणि मुलांना आकाशाचीच गोडी असेल तर आधी एक दिवस काढून नारायणगावजवळ खोडदला जा, नारायणगाव आपल्या पुणे हायवेवरच आहे, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथे, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमाराला लोकांना बघायला खुलं करतात. ते बघून जी मुलं वहीत प्रश्न लिहून आणतील ती पुढे जिथे न्याल तिथे काहीतरी शिकतील.

आता मुख्य मुद्दा. देश कुठला हा दुसरा प्रश्न आहे सर, पहिला प्रश्न हा की मुलं काय विचारायला चाललीयेत. आणि तो प्रश्न टूरवाला ठरवू शकत नाही, तुम्ही शिक्षकांनीच ठरवायचा. टूरवाल्याचं काम तिकीट, हॉटेल, बस, जेवण. तो आयटिनरीत ‘एज्युकेशनल व्हिजिट’ लिहितो म्हणून ती एज्युकेशनल होत नाही. मी ज्या दोन सहली फसल्या म्हटलं त्या दोन्हींत आम्ही शिक्षकांनी छापील आयटिनरी जशीच्या तशी उचलली होती, सकाळी म्युझियम, दुपारी मॉल, संध्याकाळी राईड्स, मुलं म्युझियममधून ४० मिनिटांत बाहेर आली कारण आत काय शोधायचं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सिंगापूरचं उदाहरण देते, कारण तुमच्यापुढे तो पर्याय आहेच. आम्ही एका वर्षी विषय घेतला ‘पाणी’. नाशिकच्या मुलांना पाणी हा विषय शिकवावा लागत नाही, घरोघरी तीच चर्चा. इगतपुरीला धो धो पाऊस आणि येवल्यात टँकर, एकाच जिल्ह्यात. जायकवाडीला पाणी सोडायचा विषय निघाला की पेपरभर तेच. तर जायच्या दोन महिने आधी मुलांना गंगापूर धरणावर नेलं, मातीचं धरण म्हणजे काय, सांडवा कुठे, दरवाजे कोण उघडतं, कुणाला विचारून उघडतं. मग परवानगी काढून दिंडोरी रोडला मेरी या सरकारी संशोधन संस्थेत गेलो, तिथे धरणांची छोटी मॉडेल्स करून पाण्याचा अभ्यास करतात, आणि नाशिकमध्ये राहून निम्म्या मुलांनी मेरी म्हणजे फक्त बसस्टॉपचं नाव ऐकलेलं होतं. मग वर्गात नकाशा काढला. नाशिक जिल्हा साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर आणि अख्खा सिंगापूर देश साडेसातशेच्या आत. पाऊस भरपूर पण साठवायला जमीनच नाही, मग ते पाणी आणतात कुठून, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही निघालो.

तिथे मरिना बराज नावाचा बंधारा आहे, २००८ मध्ये सुरू झालेला, खाडीच्या तोंडावर बांधलाय, आतल्या बाजूला शहराचं पावसाचं पाणी साठतं आणि समुद्राचं खारं पाणी बाहेर राहतं. नऊ लोखंडी दरवाजे. मोठा पाऊस आला आणि ओहोटी असली तर दरवाजे उघडून जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात, आणि भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही कारण समुद्रच आत येईल, म्हणून मोठमोठे सात पंप लावून पाणी बाहेर फेकतात. हे तिथल्या मॉडेलसमोर उभं राहून आमच्या निफाडच्या एका मुलीने बाकीच्यांना मराठीतून समजावून सांगितलं, गाईड बाजूला थांबून ऐकत होता. तिचा पुढचा प्रश्न होता की ही लोकं मलेशियाकडून पाणी घेतात तर तिकडची लोकं भांडत नाहीत का, आपल्याकडे जायकवाडीवरून होतं तसं. मग तिथे बसून आम्ही बोललो, की १९६२ चा करार आहे, २०६१ पर्यंतचा, दरावरून दोन्ही देशांत कुरबुरी झाल्या आहेत, आणि म्हणूनच सिंगापूरने सांडपाणी शुद्ध करून वापरायचं आणि समुद्राचं पाणी गोडं करायचं मनावर घेतलं. पुस्तकात हा धडा दोन ओळींचा आहे. त्या बराजच्या छतावर हिरवळ आहे आणि लोकं तिथे पतंग उडवतात. आमच्यात येवल्याचा एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड न उघडणारा, त्याने एका अनोळखी आजोबांचा पतंग हातात घेतला आणि असा काही चढवला की पाच-सहा कुटुंबं गोळा झाली. आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची आपली फिरकी, असती तर अजून वर नेला असता म्हणाला. आजोबांना आसारी काय ते हाताने खुणा करून समजावत होता. मी वही काढून ते लिहून ठेवलं, कारण पालकसभेत त्याच्या वडलांना सांगायचं होतं.

असंच युरोपचं. जिनिव्हाला सर्न या, अणूतले कण एकमेकांवर आदळवून अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत शाळांना गाईडसह फुकट बघायला मिळतं, पण ग्रुपचं बुकिंग त्यांच्या साईटवरून बरंच आधी करावं लागतं, आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं सायन्स गेटवे तर मुलांसाठीच बांधल्यासारखं आहे, तेही फुकट, फक्त सोमवारी बंद. जमिनीखालचं त्यांचं यंत्र २७ किलोमीटर परिघाचं, म्हणजे इथून त्र्यंबकेश्वरपर्यंत जेवढं अंतर साधारण तेवढं, हे मुलांना सांगितलं की डोळे मोठे होतात, कारण तो रस्ता त्यांनी सायकलने नाहीतर दिंडीत पायी केलेला असतो. आवारात भारताने २००४ मध्ये दिलेला नटराज आहे. पण हे सगळं अकरावी-बारावीच्या मुलांना जास्त झेपतं, आठवीला घाई करू नका. आणि युरोपचं एक कामाचं सांगते जे टूरवाले बहुतेक सांगत नाहीत: शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) फी मोठ्यांना ९० युरो आहे, पण शिक्षणाच्या कामासाठी जाणारे शाळेचे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ आहे, नियमातच आहे. त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर शैक्षणिक कार्यक्रम तारखेनिशी लिहावा लागतो, नुसतं फिरायला चाललोय म्हटलं तर माफी कशाला देतील. अर्ज घेणाऱ्या सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र भरावाच लागतो. तर कोटेशनमध्ये व्हिसा फी पूर्ण लावलेली दिसली तर नक्की विचारा.

आता शिक्षकांबद्दल, आणि हे जरा मोकळेपणाने लिहिते कारण आपण सगळे याच पेशातले. १५ मुलांमागे एक शिक्षक फ्री असं टूरवाले सांगतात. ते फ्री नसतं. त्या शिक्षकाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं मुलांच्या फीमध्ये वाटून टाकलेलं असतं. म्हणजे आपल्याला पालकांनी पाठवलेलं असतं, आणि तेही २४ तासांच्या ड्युटीवर. मग ती जागा कोणाला द्यायची? मी एका शाळेत बघितलं की सीनियॉरिटीने नावं गेली, त्या ग्रुपमधल्या एका मुलीला रात्री पोटात दुखायला लागलं आणि एकही मॅडम तिला नावाने ओळखत नव्हती. जो शिक्षक त्या मुलांना शिकवतो, रात्री दोनला उठू शकतो, ज्याला दम्याच्या पंपचा वापर माहितीये, तो न्या. विषय शिकवणारा एक तरी न्या. आणि १५ ला १ पुरत नाही, एक शिक्षक मुलाला घेऊन दवाखान्यात गेला की बाकीच्यांकडे कोण बघणार, म्हणून आम्ही दहाला एक धरतो आणि एक वरचा. तुमच्या ३२ मुलांना ४ शिक्षक ठीक आहेत, पण त्यात दोन मॅडम हव्यातच, आणि मुली जास्त असतील तर तीन. अनुदानित शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि शिक्षकांची परदेश प्रवासाची ना हरकत यांचे कागद सहा महिने आधीच टाका, फाईल कुठे अडेल सांगता येत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही म्हणून इथे लिहिते. तेरा-चौदा वर्षांच्या मुली असतात, काहींना पहिली पाळी तिकडेच येते, विमानात येते, नवीन हवा, नवीन जेवण. मॅडमच्या हँडबॅगेत पॅड्स, एक जादा पँट आणि पोटदुखीची गोळी कायम पाहिजे, आणि मुलींना जायच्या आधीच सांगून ठेवलेलं पाहिजे की कुठल्या मॅडमकडे जायचं. तसंच काही मुलं अजून रात्री अंथरूण ओलं करतात, काहींना फिट येते, काहींची औषधं चालू असतात, पालक लाजेने फॉर्ममध्ये लिहित नाहीत. आम्ही आरोग्याचा फॉर्म बंद पाकिटात घेतो आणि फक्त दोघं उघडतात असं सांगतो, तेव्हापासून खरं लिहून येतं. रूमचा नियम साधा ठेवा, कुठलाही मोठा माणूस, शिक्षक असो गाईड असो ड्रायव्हर असो, मुलाच्या खोलीत एकटा जाणार नाही, जायचंच तर दोघांनी आणि दार उघडं ठेवून. हे लेखी द्या, सगळ्यांच्या सह्या घ्या.

मोजणी. ही एक गोष्ट मी कितीही वेळा सांगेन. प्रत्येक मुलाला एक नंबर, आणि मुलं स्वतः ओरडून म्हणतात एक, दोन, तीन, असं शेवटपर्यंत. शिक्षकाने डोकी मोजायची नाहीत, डोकी हलतात. सिंगापूरच्या मेट्रोत धोबी घाट नावाचं स्टेशन आहे, नाव ऐकून मुलं आधीच खूष, तीन लाईन तिथे मिळतात आणि गर्दी प्रचंड, आम्ही उतरलो आणि मोजणी सुरू केली, सोळा झाला आणि पुढे आवाजच नाही. सतरा नंबर आत राहिला, दार बंद, गाडी निघून गेली. माझे पाय गार पडले. पण आम्ही हे नाशिकमध्ये घोकून घेतलं होतं, नुसतं तोंडी नाही, सिटीलिंकच्या बसने निमाणीवरून नाशिकरोडपर्यंत नेऊन दोनदा प्रत्यक्ष करून घेतलं होतं की आत राहिलास तर पुढच्या स्टॉपला उतर, उतरलास तिथेच उभा राहा, एक पाऊल हलू नको, आम्ही येतो, आणि जे खाली राहिले त्यांनीही जागा सोडायची नाही. एक सर पुढच्या गाडीने गेले, पुढचं स्टेशन समरसेट, आणि सतरा नंबर प्लॅटफॉर्मवर भिंतीला पाठ लावून, बॅग पोटाशी धरून उभा होता. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. सर दिसल्यावर तो रडला नाही, “सतरा” म्हणाला. त्या दिवसापासून बसमधली ती प्रॅक्टिस कुठल्याही पालकाने ‘हे कशाला’ म्हटलं तरी मी सोडलेली नाही.

कागदपत्रांचं पटकन. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे चौथी-पाचवीत मामाकडे दुबईला जाताना काढलेला पासपोर्ट आता संपत आलेला असतो आणि कोणाच्या लक्षातच नसतं. परत येण्याच्या तारखेपासून सहा महिने पुढे चालला पाहिजे हे धरून आजच सगळ्यांच्या तारखा बघा. नवीन काढताना आईवडील दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी लागतं, आईवडील वेगळे राहत असतील तर त्याला वेळ लागतो, त्या पालकांना बाजूला घेऊन आधी आणि हळू आवाजात सांगा. आणि नावं! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर वडलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर वेगळं, जन्मदाखल्यावर बाळाचं पाळण्यातलं नाव, असं प्रत्येक वर्गात चार-पाच जणांचं असतंच. तिकीट पासपोर्टवरून काढा, शाळेच्या रजिस्टरवरून नाही. विमानाच्या ग्रुप तिकिटात दहा किंवा जास्त जण लागतात आणि नावं नंतर दिली तरी चालतात, पण एकदा तिकीट निघालं की स्पेलिंग बदलायला पैसे पडतात. सिंगापूरला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईट्स सरकारी नाहीत. इन्शुरन्सचे कागद स्वतः वाचा, आधीपासूनचे आजार, दात, आणि मूल दवाखान्यात राहिलं तर सोबत थांबणाऱ्या शिक्षकाचा खर्च, या तीन गोष्टी शोधा. प्रत्येक पासपोर्टची रंगीत झेरॉक्स मुलाच्या खिशात, पासपोर्ट शिक्षकांकडे. हरवलाच तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय उच्चायुक्तालयातून इमर्जन्सी सर्टिफिकेट, त्यावर फक्त भारतात परत येता येतं, आणि त्यात दोन-तीन दिवस जाऊ शकतात म्हणून एक शिक्षक मागे थांबायची तयारी ठेवायची.

पैशाचं. नाशिकमध्ये हप्ते ठरवताना तुमचे पालक कोण आहेत ते बघा. आमच्याकडे निम्मे पालक द्राक्षवाले आणि कांदेवाले. त्यांना ऑक्टोबरमध्ये, छाटणी आणि औषध फवारणीच्या खर्चात असताना, मोठा हप्ता मागितला तर ते व्याजाने पैसे आणतात, आणि तुम्हाला कधी सांगत नाहीत. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, पैसे हातात यायला एप्रिल उजाडतो. म्हणून आम्ही दिवाळीच्या सहलीचा मोठा हप्ता एप्रिलमध्येच घेतो आणि उरलेला जूनमध्ये छोटा. टूरवाल्याला हे पटवावं लागतं, पटतं. दुसरं, परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने पॅकेज विकतानाच गोळा करायचा इन्कम टॅक्स, कापतात, दर बजेटमध्ये बदलत असतो म्हणून त्या वर्षीचा दर लेखी मागा. हा टॅक्स बुडीत नाही, ज्याचा पॅन दिला त्याच्या नावावर इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरला की वळता होतो. पण शेतकरी पालक बहुतेक वेळा रिटर्न भरतच नाहीत, शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून, आणि मग ते पैसे तसेच पडून राहतात. पालकसभेत एका सीएला बोलावून पंधरा मिनिटं हे समजावून सांगा, लोकं दुवा देतील. पैसे चेकने किंवा ऑनलाईन, कंपनीच्या खात्यावर, रोख एक रुपया नाही. एका वर्षी आमच्या टूरवाल्याने काम परस्पर दुसऱ्याला दिलं आणि हॉटेल शहराबाहेर निघालं, तेव्हापासून हॉटेलचं नाव आणि पत्ता करारात असल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

खाऊ. दिवाळीत जाणार असाल तर आई फराळ देणारच, आणि द्यावाच, दुसऱ्या दिवशी उदास झालेलं पोर चिवड्याच्या डब्याने सावरतं. पण अनारसे नाही. अनारशावर खसखस असते आणि खसखस सिंगापूरला चालत नाही, दुबईलाही चालत नाही, तिथे ती अंमली पदार्थांच्या कायद्यात येते. दुबईवरून विमान बदलत असाल तरीही नको. हे मी पालकसभेत सांगितलं तेव्हा एक आजी उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, देवाचा नैवेद्य आहे तो.” बरोबर आहे त्यांचं, पण तिकडच्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार. त्यांनी मग बिनखसखशीचे करून दिले आणि बारा मुलांना पुरले. गरम मसाल्याच्या आणि भाजीच्या वाटणाच्या पुड्यांतही खसखस असते, त्या पण काढा. च्युइंगगम काढा. युरोपला जाताना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दम्याचा पंप चेक-इनच्या बॅगेत टाकायचा नाही, हाताशी ठेवायचा, पॉवर बँक केबिनमध्येच.

फोनबद्दल पालकांशी आधीच ठरवून घ्या. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे नाशिकला संध्याकाळचे सात. आम्ही रोज त्या वेळेला ग्रुपवर एकच मेसेज टाकतो, सगळे जेवले, सगळे खोलीत, उद्या काय, आणि तीन फोटो. दिवसभर मुलांकडे फोन नसतो. पहिल्या दिवशी आया अस्वस्थ असतात, तिसऱ्या दिवशी त्याच म्हणतात बरं झालं. आणि जाताना मुंबईला वेळ हाताशी ठेवा, आता इगतपुरीपासून समृद्धीने आमण्यापर्यंत येता येतं, कसाऱ्याचा घाट चुकतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं काय ते तुम्हाला माहितीच आहे, ३६ जणांचं चेक-इन म्हणजे विमानाच्या चार तास आधी टर्मिनलवर पाहिजेच.

शेवटी ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मला सगळ्यात जास्त वाटतं ते. तुमच्या वर्गात ४५ मुलं असतील तर त्यातली आठ-दहाच येणार. बाकीच्यांच्या घरी एवढे पैसे नाहीत. महिनाभर वर्गात पासपोर्ट, बॅगा, कोण कोणाच्या रूममध्ये हीच चर्चा चालते आणि उरलेली मुलं खाली मान घालून बसतात. याचा विचार सहलीइतकाच करा. आम्ही दोन गोष्टी करतो. एक, गंगापूर धरण, मेरी, खोडद हे सगळं अख्ख्या वर्गाला, त्याचा खर्च शाळेचा. आणि प्रश्नांची यादी अख्खा वर्ग मिळून करतो, जाणाऱ्या प्रत्येक मुलाकडे न जाणाऱ्या तीन-चार मित्रांचे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं त्याने आणायची. ज्या मुलाने प्रश्न दिलेला असतो तो विमानतळावरून आल्या आल्या पकडतो, काय रे माझं काय झालं. दुसरं, संस्थेकडून एक जागा मागून घ्या, दरवर्षी एक मूल शाळेच्या खर्चाने, आणि निवड कशी झाली ते सगळ्यांसमोर ठेवा. जपान सरकारच्या सकुरा सायन्ससारखे कार्यक्रम आहेत, त्यात खर्च तेच करतात, रोटरीचं युथ एक्स्चेंज आहे, पंधरा वर्षांपुढच्या मुलांसाठी, त्यात मूल तिकडच्या घरात राहतं, विमानाचं भाडं आपलं पण राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे. हुशार आणि धीट मुलांना तिकडे वळवा, टूरपेक्षा खूप जास्त मिळतं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच वर्गासमोर बोलायला लावा, उशीर झाला की विसरतात. आमची निफाडची मुलगी तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन दोन बादल्या, एक पत्रा आणि प्लॅस्टिकची नळी घेऊन भरती-ओहोटी आणि बराजचे दरवाजे दाखवून आली, तिच्या वडलांनी ट्रॅक्टरमधून सामान नेलं. आणि हिशोब. वरखर्चाचे जे पैसे प्रत्येकाकडून जादा घेतलेले असतात त्यातले उरलेले पंधरा दिवसांत पालकांच्या खात्यावर परत करा, रक्कम अडीचशे रुपये असली तरी, आणि पूर्ण हिशोबाचा कागद ऑफिसच्या बोर्डावर लावा. तुमच्या पालकसभेआधी कोटेशन दाखवायचं असेल तर दोन्ही टूरवाल्यांची इथे टाका, नावं झाकून, मी बघून सांगते.